माननीय तीन फुल्या

रवानगीचा पासवर्ड चार वर्षं एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या चौकटीला चिकटवलेला होता, आणि त्या चार वर्षांत कोणाचंही काही बिघडलं नव्हतं. झाडलोट करणाऱ्या बाईंना तो पाठ होता. पाण्याचे जार आणून देणाऱ्यालाही माहीत असावा, कारण एकदा चिठ्ठी पंख्याच्या वाऱ्याने उडून कपाटामागे गेली, तेव्हा शेवटचे दोन आकडे त्यानेच सांगितले होते.

कंपनी सात माणसांची. चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत तिचा संसार होता. दातांच्या दवाखान्यांसाठी ही मंडळी एक प्रोग्राम बनवत: कोणत्या पेशंटला किती वाजता बोलावलंय, कोणाच्या कोणत्या दाढेत काय भरलंय, हे सगळं त्यात असे. दोनशे बारा दवाखाने तो वापरत होते. दर पंधरवड्याला प्रोग्रामची नवी आवृत्ती निघे, आणि ती दवाखान्यांपर्यंत पोचवायचं काम कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर करी. त्यातल्या रिलीजच्या प्रोग्रामला ऑफिसात सगळे 'रवानगी' म्हणत. रवानगीला पासवर्ड दिला की पाच मिनिटांत नवी आवृत्ती सगळीकडे पोचे, आणि सोबत डॉक्टरांना एक पत्र जाई. या वेळी काय काय बदललंय, त्याचं.

मग एके दिवशी तपासनीस बाई आल्या. अकरा दवाखाने चालवणारी एक मोठी संस्था या कंपनीची गिऱ्हाईक होती, आणि करार पुढे चालू ठेवायचा की नाही हे या बाईंच्या अहवालावर ठरणार होतं. बाई बारीक अंगकाठीच्या, हातात निळी फाइल, आणि हसण्याची सवय नसलेल्या. त्यांनी पिवळी चिठ्ठी पाहिली. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली.

त्यांनी उभ्या उभ्या नियम सांगितले. चिठ्ठी आत्ता फाडायची. नवा पासवर्ड ठेवायचा. तो रवानगीच्या आतल्या तिजोरीत भरायचा, कागदावर लिहायचा नाही. तो एकाच माणसाला माहीत असेल. बदलायचा झाला तर रवानगीतच अर्ज करायचा, कारण लिहायचं, आणि मालकांनी मंजूर केल्यावरच बदलायचा. जाता जाता त्यांनी आणखी एक बटण चालू करून घेतलं. पासवर्ड चुकून कुठे उमटलाच, तर रवानगी तो आपणहून झाकून टाकेल आणि जागेवर तीन फुल्या मारेल, असं ते बटण होतं.

कंपनीच्या मालकीणबाई, म्हणजे सगळ्यांच्या मॅडम, म्हणाल्या, "म्हणजे तो एक माणूस आणि मी."

"तो एक माणूस," तपासनीस बाई म्हणाल्या. "तुम्हीसुद्धा नाही. पुढच्या शुक्रवारी मी परत येते."

तो एक माणूस कोण, यावर चर्चा करण्यासारखं काही नव्हतं. रवानगी चालवता येणारे गृहस्थ एकच होते. पण त्यांचं नाव निघताच सगळे एकमेकांकडे पाहू लागले, कारण त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. वय अठ्ठेचाळीस, स्वभाव लाख मोलाचा, पण बातमी कळली की ती दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. मॅडमच्या वाढदिवसाच्या गुपचूप ठरवलेल्या बेताबद्दल त्यांनी मॅडमनाच विचारलं होतं, की तुम्हाला किती वाजता आश्चर्य वाटलेलं बरं पडेल. एका सहकाऱ्याचा राजीनामा, तो लिहून व्हायच्या आधीच, त्यांच्यामुळे मंजूर झाला होता.

ऑफिसात फोन सांभाळणाऱ्या काकूंनी त्यांना त्याच दुपारी 'किल्लेदार' म्हणायला सुरुवात केली. किल्ली त्यांच्याकडे, म्हणून. त्यात थोडी थट्टा होती, पण गृहस्थांना ते नाव मनापासून आवडलं. कोणीतरी आपल्या ओठांवर विश्वास टाकल्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ होती, आणि या खेपेला जगाला दाखवून द्यायचंच असं त्यांनी ठरवलं.

खोलीत कोणी नसताना त्यांनी पासवर्ड ठेवला. त्यामागे त्यांचा बराच विचार होता. जगभरातले चोर इंग्रजीत डोकं चालवतात, तेव्हा शब्द मराठी लिपीत हवा. कागदावर लिहायचा नाही, तेव्हा तो कधीच विसरणार नाही असा हवा. रवानगीला कमीत कमी सहा चिन्हं लागत. लहानपणापासून वडिलांच्या तोंडी एक शब्द होता. मुलाने पुढे कोण व्हावं याबद्दल वडिलांचं ठाम मत होतं, आणि दहावीच्या निकालापर्यंत ते रोज सकाळी बोलून दाखवत. मुलगा ते झाला नाही, पण शब्द काळजावर कोरला गेला. किल्लेदारांनी काना-मात्रा धरून चिन्हं मोजली. बरोबर सहा भरली. हा योगच आहे असं त्यांना वाटलं.

त्या संध्याकाळी ते घरी गेले आणि मिठाची गुळणी धरल्यासारखे बसून राहिले. एरवी बूट काढता काढता ते ऑफिसची पहिली बातमी सांगत, आणि हातपाय धुऊन होईपर्यंत तिसरी. बायकोने थोडा वेळ वाट पाहिली. मग कपाळाला हात लावून पाहिला. मग विचारलं, नोकरीवर काही आलंय का. किल्लेदार म्हणाले, सांगता येत नाही. वीस वर्षांच्या संसारात हे तीन शब्द त्यांनी एकत्र कधीच उच्चारले नव्हते, त्यामुळे त्या माउलीला रात्रभर झोप लागली नाही.

नवी आवृत्ती बुधवारी सकाळी निघायची होती. किल्लेदारांनी पत्र लिहिलं, दोनदा वाचलं आणि बटण दाबलं. रवानगीने तिजोरी उघडली, पासवर्ड वापरला, तिजोरी लावली, आणि कुठेही चुकारपणा न करता काम पार पाडलं. किल्लेदार समाधानाने चहा घ्यायला गेले.

पहिला फोन साडेदहाला आला. मग एकाच वेळी तीन आले. काकू बारा वर्षं दातांच्या डॉक्टरांचे फोन घेत होत्या, पण दातांचे डॉक्टर इतकं तोंड सोडू शकतात हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं की, आम्ही तुमचं काय घोडं मारलंय. दुसरे म्हणत होते की, पेशंटांसमोर माझी शोभा झाली. प्रोग्राम उघडला की ते पत्र पडद्यावर दिसे, आणि कित्येक दवाखान्यांनी तोच पडदा बाहेर बसलेल्या पेशंटांसाठी भिंतीवरच्या टीव्हीला जोडला होता. मॅडमनी पत्र मागवलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. तिसऱ्या ओळीनंतर त्या मनात वाचू लागल्या.

'माननीय ***, सप्रेम नमस्कार. प्रोग्रामची नवी आवृत्ती आजपासून लागू होत आहे. यापुढे *** उशिरा आल्यास पेशंटांना तसा निरोप आपोआप जाईल. एकाच दवाखान्यात दोन *** असतील तर त्यांच्या नावांचा आता घोटाळा होणार नाही. आपल्यासारख्या *** मंडळींच्या सततच्या सूचनांमुळेच आम्हाला हे बदल करावे लागले आहेत.'

मॅडम म्हणाल्या, "किल्लेदार, या फुल्यांच्या जागी तुम्ही काय लिहिलं होतं?"

"डॉक्टर," किल्लेदार म्हणाले. आणि ते खरं होतं.

"मग फुल्या कुठून आल्या?"

किल्लेदारांना त्या क्षणी खरोखरच कळलं नव्हतं. अक्षरांचा काहीतरी बिघाड असावा असं त्यांना वाटलं. मॅडमना कारणापेक्षा उपाय हवा होता. त्यांनी ताबडतोब माफीचं पत्र पाठवायला सांगितलं, आणि शब्द न शब्द जपून लिहायला सांगितला. किल्लेदारांनी घाम पुसत पत्र लिहिलं. मॅडमनी ते कागदावर छापून घेतलं, वाचलं, एक स्वल्पविराम घातला. मग ते रवानगीतून गेलं, आणि अकरा वाजून वीस मिनिटांनी दोनशे बारा दवाखान्यांच्या पडद्यांवर झळकलं.

'सकाळच्या पत्रात *** या शब्दाच्या जागी चुकून *** असे छापले गेले. आमच्या मनात *** मंडळींविषयी नितांत आदर आहे. *** हे आमच्यासाठी सदैव ***च राहतील. क्षमस्व.'

हे दुसरं पत्र पडद्यावर पाहताना किल्लेदारांच्या डोक्यात उजेड पडला, आणि लगेच तोंडचं पाणी पळालं. तीन फुल्या. तिजोरी. तपासनीस बाईंचं बटण. पासवर्ड जिथे उमटेल तिथे रवानगी तो झाकणार होती, आणि तिने तो इमानेइतबारे झाकला होता. त्यांनी पासवर्ड ठेवला होता 'डॉक्टर', आणि दातांच्या डॉक्टरांना ते पत्र लिहीत होते.

त्यांनी तोंड उघडलं. मॅडम समोरच उभ्या होत्या. एका वाक्यात सगळा उलगडा झाला असता. पण त्या वाक्यात पासवर्ड होता. 'तुम्हीसुद्धा नाही' हे शब्द त्यांना आठवले, शुक्रवार आठवला, आणि त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं.

"काय झालंय ते कळलं का तुम्हाला?" मॅडमनी विचारलं.

"कळलं."

"काय?"

"ते सांगता येणार नाही, मॅडम."

मॅडमनी यापुढे एकही पत्र पाठवायचं नाही असं फर्मान काढलं, काकूंना दोनशे बारा दवाखान्यांना एकेक करून फोन लावायला सांगितलं, आणि आपल्या टेबलाशी जाऊन डोकं धरून बसल्या. किल्लेदारांनी तेवढ्यात पासवर्ड बदलण्याचा अर्ज भरला. कारणाच्या चौकटीत त्यांनी आधी लिहिलं, 'सध्याचा पासवर्ड पत्रात वारंवार येणारा शब्द असल्यामुळे'. हे वाचून एखादं शेंबडं पोरही शब्द ओळखेल हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणून ते पुसून त्यांनी नुसतं 'गोपनीय' लिहिलं. अर्ज मॅडमकडे गेला. मॅडमनी तो परत पाठवला, कारण गोपनीय म्हणजे कारण नव्हे. किल्लेदारांनी दुसरा अर्ज केला, 'अत्यंत गोपनीय'. तोही परत आला.

दुपारपर्यंत काकूंचा घसा बसला होता. त्या प्रत्येकाला तेच सांगत होत्या, की साहेब, बिघाड आहे, आम्ही असं कसं म्हणू. आणि प्रत्येक जण तेच विचारत होता, की मग नेमक्या आमच्याच नावावर फुल्या कशा. मग साडेतीनच्या सुमाराला एक निराळाच फोन आला. बोलणारे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. दाढ उपटून घ्यायला आले होते आणि तासभर बाहेरच्या खोलीत बसून होते.

"गाळलेल्या जागी 'डॉक्टर' हा शब्द येतो," ते म्हणाले. "नऊपैकी आठ ठिकाणी चपखल बसतो. मी पडताळून पाहिलंय. उत्तर तुमच्याकडेच नोंदवायचं ना?"

दिवसभरात न ओरडणारा हा पहिला माणूस. काकूंना इतकं बरं वाटलं की त्यांनी उत्तर बरोबर आहे असं सांगून टाकलं, आणि मुख्याध्यापकांच्या समाधानासाठी नाव-गाव वहीत लिहूनही घेतलं. फोन ठेवला आणि त्या दोन मिनिटं वहीकडे पाहत बसल्या. पुढचा फोन एका तापट डॉक्टरांचा होता. त्यांचा पारा चढायच्या आत काकू गोड आवाजात म्हणाल्या, "अहो डॉक्टर, ते कोडं आहे. तुमच्या पेशंटांना बसल्या बसल्या विरंगुळा. रिकाम्या जागा भरा."

डॉक्टर म्हणाले, असं होय, तरीच बाहेर हशा चाललाय. त्यांनी फोन ठेवला, आणि दहा मिनिटांनी त्यांच्या तीन पेशंटांनी उत्तरं कळवली.

त्यानंतर वारं फिरलं. काकूंनी गुरुवारी सकाळी सगळ्या रागावलेल्या डॉक्टरांना फिरून फोन केले. दुपारपर्यंत शिव्या थांबल्या आणि उत्तरं सुरू झाली. दाढदुखीने कळवळणारी माणसं गालाला हात लावून फोन करत होती आणि 'डॉक्टर' असं सांगून समाधानाने खुर्चीत जाऊन बसत होती. काकूंनी वहीत रकाने आखले: नाव, दवाखाना, उत्तर. दर अर्ध्या तासाने त्या बसूनच खणखणीत आवाजात ऑफिसला आकडे कळवत.

"अठ्ठावन्न जणांचं 'डॉक्टर', दोघांचं 'दगड', आणि एका आजींचं 'जावई'. तेही बसतंय म्हणा सगळीकडे."

मॅडमचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा उजळला. त्यांनी किल्लेदारांना बोलावून सांगितलं की, ही योजना तुमची होती तर आधी बोलायचंत, मी उगाच घाबरले. गिऱ्हाइकांशी असं नातं जोडलेलं पाहून तपासनीस बाई खूश होतील, तेव्हा शुक्रवारी हे त्यांना आवर्जून दाखवू. किल्लेदारांच्या पाचावर धारण बसली. त्यांनी तिसरा अर्ज भरला. कारणाच्या चौकटीत लिहिलं, 'कृपया'. मॅडमनी तो वाचून हसून बाजूला ठेवला. त्यांच्या मते आता काही बदलण्याची गरजच उरली नव्हती.

गुरुवारी संध्याकाळी किल्लेदार घरी आले, तेव्हा बायको त्यांची वाटच पाहत होती. आज ती दात साफ करून घ्यायला दवाखान्यात गेली होती, आणि बऱ्याच दिवसांनी सांगण्यासारखं काही तिच्याकडे होतं.

"अहो, तुमच्या ऑफिसचं कोडं होतं तिथल्या टीव्हीवर," ती म्हणाली. "काय मजा आली. सगळी अनोळखी माणसं, पण एकमेकांशी बोलायला लागली. माझ्या शेजारी एक रिक्षावाले होते, त्यांनी आधी ओळखलं. तुम्ही सांगा बरं, काय शब्द असेल?"

किल्लेदारांनी पाण्याचा पेला उचलला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.

"मला नाही माहीत."

"अहो, प्रयत्न तरी करा. माननीय फुल्या फुल्या फुल्या. दवाखान्यात उशिरा येतात. कोण?"

"पेशंट?"

"पेशंटांनाच तर निरोप जातो ना. नीट विचार करा. पांढरा कोट घालतात."

किल्लेदारांनी नीट विचार केल्याचा चेहरा केला. कपाळाला आठ्या घातल्या, छताकडे पाहिलं. शेवटी म्हणाले, "केस कापणारे?"

बायकोने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. आठवडाभर या माणसाचं बोलणं बंद होतं. आता साधा शब्द सुचेनासा झाला होता. तिने त्यांचा हात हातात घेतला आणि सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "डॉक्टर. आपण उद्या जाऊ या एखाद्या चांगल्या डॉक्टरांकडे."

तो शब्द आपल्याच घरात, आपल्याच बायकोच्या तोंडून, एका दमात दोनदा ऐकताना किल्लेदारांना काय वाटलं हे सांगणं कठीण आहे. पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. ते एवढंच म्हणाले, "अच्छा, असं होय." एवढं बोलून ते लवकर झोपायला गेले.

शुक्रवारी अकराच्या ठोक्याला तपासनीस बाई आल्या. त्यांनी निळी फाइल उघडली आणि एकेकाला आतल्या खोलीत बोलावून प्रश्न विचारले. पासवर्ड तुम्हाला माहीत आहे का? किल्लेदारांनी कधी सांगितला का, सूचित केला का, त्यांच्या टेबलावर कधी लिहिलेला दिसला का? सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलं. मॅडमनी तर तक्रारच केली. हे गृहस्थ आताशा कशालाच उत्तर देत नाहीत, अर्जाचं कारण विचारलं तर गोपनीय म्हणतात, मी मालकीण आहे की कोण. तपासनीस बाईंनी हे सगळं लिहून घेतलं, आणि लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर पसंतीची एक बारीक रेघ उमटली.

मग मॅडम त्यांना बाहेरच्या खोलीत काकूंच्या टेबलाशी घेऊन गेल्या आणि अभिमानाने वही पुढे केली. तपासनीस बाईंनी पहिलं पान वाचलं. डॉक्टर, डॉक्टर, डॉक्टर, दगड, डॉक्टर. त्यांनी हे काय आहे असं विचारलं. काकूंनी कोडं समजावून सांगितलं आणि पडद्यावर पत्र उघडून दाखवलं.

त्या खोलीत तीन फुल्यांचा खरा अर्थ ठाऊक असलेली माणसं फक्त दोन होती. त्यातल्या एकाने दाराची चौकट घट्ट धरली होती. दुसरीने पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं, मग माफीचं पत्र वाचलं, मग जवळची खुर्ची ओढून ती बसली.

"किल्लेदार," तपासनीस बाई म्हणाल्या, "रवानगीपाशी चला. मी एक शब्द टाइप करते. तुम्ही काही बोलायचं नाही."

किल्लेदार काही बोलले नाहीत. त्यात त्यांचा हात धरणारा आता कोणी नव्हता. बाईंनी सहा चिन्हं दाबली, आणि रवानगीची दारं उघडून सगळा कारभार पडद्यावर आला. बाईंनी मान न वळवता विचारलं, हा शब्द किती जणांना माहीत आहे. बाहेरून काकूंचा आवाज आला, "एकशे त्रेचाळीस. थांबा, फोन वाजतोय."

मॅडम एकदा पडद्याकडे, एकदा वहीकडे पाहत होत्या. हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. "म्हणजे किल्लेदार, इतके दिवस तुमचा पासवर्ड..."

"ते सांगता येणार नाही, मॅडम," किल्लेदार म्हणाले. सवयच लागली होती.

तपासनीस बाईंनी अहवालाचा कागद पुढे ओढला आणि त्यातल्या चौकटी एकेक करून भरू लागल्या. पासवर्ड कागदावर लिहिला होता का? नाही. सहकाऱ्यांना सांगितला का? नाही. मालकांना? नाही. घरच्यांना? त्यांनी किल्लेदारांकडे पाहिलं.

"घरच्यांनी मला सांगितला," किल्लेदार म्हणाले. "मी कबूल केलं नाही."

बाईंचं पेन थांबलं. "आणि हे फुल्या मारायचं बटण? ते कोणाच्या सांगण्यावरून चालू केलं?"

किल्लेदारांनी मॅडमकडे पाहिलं, मग बाईंकडे. "हे सांगायला हरकत नाही ना?"

"सांगा."

"तुमच्या."

तपासनीस बाईंनी फाइल तोंडासमोर धरली. त्यांचे खांदे हलत होते. सर्दी झाली असावी असं आधी सगळ्यांना वाटलं, पण फाइल खाली आली तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि 'एका आजींचं जावई' एवढंच त्यांना कसंबसं बोलता आलं. पाणी पिऊन त्यांनी अहवाल पुरा केला. कागदावर जितक्या चौकटी होत्या, तितक्या सगळ्या नियमात बसत होत्या. यंत्राने स्वतःच गुपित फोडलं तर काय, अशी चौकट त्या कागदावर नव्हती, आणि ती घालण्याची सूचना करायची तर बटणाचा उल्लेख करावा लागला असता. करार चालू राहिला. अट एकच होती: नवा पासवर्ड माणसाने ठेवायचा नाही. यंत्राने बनवलेली चोवीस अक्षरं, कोणत्याही भाषेत अर्थ नसलेली, तिजोरीत परस्पर भरायची, आणि ती किल्लेदारांनीही पाहायची नाहीत. मॅडमनी तिसरा अर्ज तिथल्या तिथे मंजूर केला.

त्या संध्याकाळी किल्लेदारांनी बूट काढायच्या आधीच बोलायला सुरुवात केली, आणि सगळं सांगून होईपर्यंत जेवणं उरकली. बायको इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तिने डॉक्टरांची घेतलेली वेळ रद्द केली.

पुढचं पत्र पंधरा दिवसांनी गेलं. प्रत्येक शब्द जागच्या जागी होता, फुली नावाला नव्हती. किल्लेदारांनी दोनदा तपासलं. तासाभरात फोन सुरू झाले. या वेळी कोडं का नाही, पेशंट विचारतात, आम्ही काय सांगायचं, असं डॉक्टर विचारत होते. काकूंनी प्रत्येकाची समजूत घातली. शेवटी दवाखान्यात मुद्दाम जाऊन बसलेल्या मुख्याध्यापकांचा फोन आला. त्यांना काकूंशी नव्हे, पत्र लिहिणाऱ्याशी बोलायचं होतं.

"मी चार वेळा वाचलं," ते किल्लेदारांना म्हणाले. "गाळलेलं काही सापडेना. फार अवघड केलंत या वेळी."

किल्लेदारांनी सांगितलं की, गुरुजी, या वेळी कोडं नाहीच, ते नुसतं पत्र आहे.

"असं होय," मुख्याध्यापक म्हणाले. "मग दुसऱ्या परिच्छेदात दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत. आणि तिसरं वाक्य फार लांबलंय, वाचताना धाप लागते. बाकी माणूस मनापासून लिहितो हे कळतं."

किल्लेदार उभे होते ते खाली बसले. बारा वर्षं ते दर पंधरा दिवसांनी हे पत्र लिहीत होते. पहिल्या चार-पाच वर्षांनंतर कधीतरी त्यांच्या मनात येऊन गेलं होतं की, हे कोणी वाचत नसावं. एकदा गंमत म्हणून त्यांनी मधल्या एका परिच्छेदात आपली तब्येत बरी नसल्याचं लिहिलं होतं. दोनशे बारा दवाखान्यांतून, तेही डॉक्टरांच्या, एकानेही चौकशी केली नव्हती. आणि आज एका माणसाने ते चार वेळा वाचलं होतं.

त्यांनी कागद ओढला आणि चुका लिहून घेतल्या. लांबलेलं वाक्य कुठे तोडावं ते विचारलं. गुरुजींनी 'आणि'च्या आधी तोडायला सांगितलं. मग किल्लेदारांनी मागे वळून पाहिलं. मॅडम फोनवर होत्या, काकू चहा गाळत होत्या. त्यांनी हळूच दार लोटलं, खणातून पुढच्या आवृत्तीच्या पत्राचा कच्चा कागद काढला, आणि आवाज उतरवून विचारलं, "गुरुजी, तुम्हाला दहा मिनिटं वेळ आहे का?"

पत्र निघण्याआधी ते बाहेरच्या कोणाला वाचून दाखवू नये, असा नियम तपासनीस बाईंनी अजून केलेला नव्हता.